पुशरॉडचा वकील

वाद सुरू करायचा असला की आमचे शेजारी आधी चहाच्या टपरीवाल्याकडून एक चमचा मागून घेत. मग उजव्या हाताची मूठ वळायची, तिच्यावर डाव्या हाताचं बोट उभं करायचं आणि बोटाच्या टोकावर तो चमचा आडवा ठेवायचा. "हा कॅम, हा पुशरॉड, हा रॉकर. आता आयका." मूठ फिरली की बोट वर उचलायचं, चमचा डुलायचा आणि बहुतेक वेळा माझ्या चहात पडायचा.

एकाच गोष्टीवर सगळी श्रद्धा ठेवून बसलेला माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमच्या या गृहस्थांची श्रद्धा पुशरॉडवर होती. आम्ही दोघंही जवाहरनगरच्या फॅक्टरीतले, ते मशीन शॉपला, मी स्टोअरला. निवृत्तीनंतर भंडाऱ्यात घरं बांधली, तीही समोरासमोर. म्हणजे सुटका नाहीच.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी भांडणाचं मूळ सांगतो. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, ते व्हॉल्व्ह. त्यांना उघडायला लावणारा फिरता दांडा म्हणजे कॅम. जुन्या पद्धतीत कॅम खाली असतो आणि लांब सळ्यांनी वरची झाकणं ढकलतो. त्या सळ्या म्हणजे पुशरॉड, आणि सळी अन् झाकण यांच्यामध्ये डुलणारी आडवी दांडी म्हणजे रॉकर. नव्या पद्धतीत कॅमच वर, झाकणांच्या डोक्यावर नेऊन बसवलेला असतो. त्यांची मोटारसायकल जुनी, पुशरॉडवाली. माझी नवी, वरच्या कॅमची. एवढं कारण आम्हाला पुरलं.

पण वाद मोटारसायकलींवर थांबला नाही. त्यांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या मसल कार यायला लागल्या. लांबलचक नाकाच्या, आठ सिलिंडरच्या, चालू केल्या तर गल्लीतल्या कोंबड्या आठवडाभर अंडी देणार नाहीत अशा आवाजाच्या. आम्ही दोघांनी त्यातली एकही गाडी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. गावाजवळच्या कारध्याच्या पुलावरून तशी एखादी जाईल अशी आशाही नव्हती. त्यानं आमच्या भांडणात काडीचा फरक पडला नाही.

"कॅम वर असला की मधल्या सळ्यांचं ओझं नाही. इंजिन हवं तितकं पळतं," मी म्हणायचो.

"चुकून राहिले तुमी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पळून काय करता? जोर पायजे, जोर. चिखलणीले बैल लागते भाऊ, हरीण जुंपत नाही कोणी."

"पण शर्यतीला बैल कोण नेतो?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहायचे. "भंडाऱ्यात जन्म गेला तुमचा, अन् शंकरपटात पळणारे बैल पाहिले नाही काय कधी?"

टपरीवरची सगळी माणसं हसायची. मीसुद्धा हसायचो, पण घरी जाऊन उद्याचं उत्तर शोधत बसायचो. बायको म्हणायची, फॅक्टरीत एवढं डोकं लावलं असतं तर फोरमन झाला असता.

मग एका सकाळी त्यांना लकवा मारला. नागपूरला नेलं, जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, चालायला लागतील. बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही. आवाज फुटतो का ते पाहा, बोलायचा प्रयत्न करू द्या.

प्रयत्न मात्र ते करीनात. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी दारातच बजावलं, "भाऊजी, यायले तरास होईल असं काही बोलू नका." घरात सगळे तसंच वागत होते. कोणी काही म्हटलं की दुसरा मान डोलवत होता. मीही खुर्ची ओढून शहाण्यासारखं बोललो, "भाऊ, खूप विचार केला. तुमचंच बरोबर आहे. पुशरॉडच खरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी घरी आलो, पण ते फिरवलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. आमच्याकडे माणूस कितीही आजारी असो, त्याच्याशी भांडणारं कोणी असलं तर तो अजून जगात आहे. मी हार मानली, म्हणजे त्यांचं आटोपलं असंच त्यांना वाटलं असणार. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तशी मी सुरुवात केली. "काल मी तुमचं मन राखलं हो. खरं सांगू? पुशरॉड म्हणजे भंगार. त्या अमेरिकेतल्या लोकांना अक्कल नाही. आठ सिलिंडर आणि वर खाली नाचणाऱ्या सोळा सळ्या, हे काय इंजिन आहे? सायकलच्या दुकानात शोभेल."

त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. घशातून घरघर आली. मी घाबरलो, वहिनींना हाक मारणार, तेवढ्यात ऐकू आलं.

"चु... चुकून... राहिले."

वहिनी दारात उभ्या होत्या. हातातली बशी तशीच. रागावतील असं वाटलं होतं. त्या खाली बसून रडायला लागल्या. मलाही आवरेना. फक्त ते रडत नव्हते. त्यांना वाद पुढे न्यायचा होता. डाव्या हाताची मूठ वळून त्यांनी ती पलंगाच्या कडेवर ठेवली आणि दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो उठेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं बोट त्या मुठीवर उभं केलं, वहिनींनी बशीतला चमचा काढून त्यावर ठेवला. मूठ फिरली, बोट उचललं, चमचा डुलला. वरच्या कॅमवाला मी, आणि पुशरॉड होऊन बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता ते गोंदियाला लेकीकडे राहतात. समोरचं दार बंद असतं आणि टपरीवर कोणी माझ्या चहात चमचा पाडत नाही. पण संध्याकाळी फोन वाजतो, पडद्यावर आधी चेहरा येत नाही, डावी मूठ येते. मी टपरीवर, चार माणसांत, मोबाइलपुढे बोट उभं करतो. लोक बघतात, बघू देत. कधी मी मुद्दाम बोट सैल सोडतो, आणि पलीकडून अडखळत पण स्पष्ट आवाज येतो.

"बोट सरळ ठेवा न भाऊ. रॉड वाकून राहिला."