शेजारच्या सीटवरच्या कुमुदकाकू

अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरमध्ये मराठी घरातली मुलं पंधरा वर्षांची झाली, की गाडी शिकायला त्यांची रवानगी कुमुदकाकूंकडे व्हायची. आईवडील शेजारी बसले की नसलेला ब्रेक दाबत ओरडायचे. काकू मात्र मांडीवर पर्स घेऊन निवांत समोर बघत बसायच्या. मूळच्या नागपूरच्या, इथल्या एका लॅबमधून निवृत्त झालेल्या, आणि स्वतः पन्नाशीत गाडी शिकलेल्या. त्यामुळे भीती म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "घाबर की! घाबरायला बंदी नाही. फक्त स्टिअरिंग सोडू नकोस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा बर्फात गाडी घसरली आणि मी किंचाळून ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. "पाय काढ. जिकडे जायचंय तिकडे बघ." गाडी सरळ झाल्यावर मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडून घे, मग इंडिकेटर दे." उपदेश करण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. म्हणूनच मुलं त्यांना गाडीत वाट्टेल ते सांगायची. मी सोडून.

मी तेरा वर्षांची असताना पुण्याहून इथे आले. शाळेत माझ्या इंग्रजीची नक्कल व्हायची, घरी 'रुळेल हळूहळू' म्हणायचे. जेवण ही एकच गोष्ट माझ्या हातात होती. ती मी बंद करत आणली आणि त्यासाठी देवालाच कामाला लावलं. आधी संकष्टी, मग सोमवार, गुरुवार, शनिवार. अमेरिकेत येऊनही पोरगी उपास करते, याचा आईला कोण अभिमान! इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक गेट-टुगेदरला वरच्या मजल्यावर ती हे कौतुकाने सांगायची, तेव्हा आम्ही मुलं खाली बेसमेंटमध्ये असायचो. कुणीतरी आणलेली व्होडका सोड्यात मिसळलेली असायची. रिकाम्या पोटी ती पटकन चढायची आणि काही वेळ कशाचंच काही वाटायचं नाही. मला तेच हवं होतं.

अशाच एका पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवणीला गेले. काकूंना दारूचा वास आला असणार. त्यांनी किल्ली काढून घेतली.

"आज मी चालवते."

"आय ॲम फाइन, काकू. जस्ट टायर्ड."

त्यांनी नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, हीटर चालू ठेवला. "मीही आयुष्यभर उपास केलेत," त्या म्हणाल्या. "उपास असला ना, की सकाळपासून माझा जीव साबुदाण्याच्या खिचडीत अडकलेला असतो. तू तर खिचडीचं ताटसुद्धा गुपचूप कचऱ्यात टाकतेस. बघितलंय मी. काय चाललंय, बाळा?"

मला आधी भयंकर राग आला. मग रडू फुटलं आणि सगळंच बाहेर पडलं. काकूंनी शेवटी एवढंच विचारलं, "आईला तू सांगतेस, मी सांगू, की दोघी मिळून सांगू या?" न सांगण्याची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती.

दोघींनी मिळून सांगितलं. आईचा विश्वासच बसेना. "अहो कुमुदताई, ती तर इतकं मनापासून करते सगळं!"

"देवाच्या नावावर खपवतेय गं ती. त्याला चालणार नाही, तूही चालवून घेऊ नकोस."

"पण लोकांना कळलं तर?"

"कळू दे. निम्म्यांची पोरं त्याच बेसमेंटमध्ये होती."

त्या दिवशी शनिवार होता, माझ्या उपासाचा. आईने डोळे पुसले आणि वरण-भाताचा कुकर लावला.

पुढे उपचार सुरू झाले: डॉक्टर, डाएटिशियन, दर आठवड्याला काउन्सेलर. तिथपर्यंत गाडी मी चालवायची आणि शेजारी काकू. एखाद्या आठवड्यात मी पुन्हा जेवण टाळलेलं असायचं, एखाद्या पार्टीत पुन्हा प्यायलेली असायचे. मग सगळं संपलं असं वाटायचं. काकू चिडायच्या नाहीत. "बरं, आता पुढचं जेवण कधी?" एवढंच विचारायच्या. त्या प्रश्नाने मला फार तारलं.

गेल्या उन्हाळ्यात, नजर अधू झाली म्हणून काकूंनी आपणहून लायसन्स परत केलं आणि त्या लेकीकडे बेलव्ह्यूला राहायला निघाल्या. एअरपोर्टला सोडायला मीच गेले. तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं, असं काहीतरी बोलायचं मनात होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"काकू, आज सकाळी पुन्हा वाटलं, नकोच खायला."

"मग?"

"मग पोहे केले. खाल्ले."

काकूंनी मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाल्या, "लिंबू पिळलंस का?"

पिळलं होतं.