काकांची तीन पानी तक्रार

आमचे काका लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रायफली दुरुस्त करतात. रायफलीवर बसवायची बॅटरीवाली नवी दुर्बीण आली, तेव्हा चाचणीत काकांच्या पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. "असल्या खेळण्यांनी कुठे नेम सुधारतो?" म्हणत त्यांनी तीन पानी तक्रार खरडली.

घरी काकू कडाडली, "अहो, चहात मीठ घातलंत! आधी डोळे दाखवा."

मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी डोळ्यात नवं भिंग बसवलं. मग त्याच दुर्बिणीतून काकांनी पुन्हा पाच गोळ्या झाडल्या, पाचही मधोमध.

साहेबांनी हसू दाबत विचारलं, "मग तक्रारीचं काय करू?"

काकांनी कागद ओढला आणि 'केलेली दुरुस्ती' या रकान्यात ऐटीत लिहिलं, "दुर्बिणीमागचं भिंग बदललं. रायफल आता ठीक आहे."