खांबासाठी आणलेला हार

झेंडूचा वास आला की माझं डोकं सणकतं. त्या वर्षी आमची टीम फायनल एका पॉइंटने हरली होती आणि ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणत मी, टीमचा साधा चाहता, सगळा पावसाळा ढकलला. खंडेनवमीला नवीन जालन्यातल्या आमच्या कोर्टावर बास्केटबॉलच्या खांबाची पूजा व्हायची, मगच नवा सीझन सुरू. त्या सकाळी हार-नारळ घेऊन गेलो, तर रिंग गॅसकटरने कापून टाकलेली आणि कोर्टभर मोटारसायकली. मैदानाचे सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. कॅप्टनने विचारलं, “साहेब, रिंग कुठंय?” “तुम्ही दर साली हारूनच राह्यले. मंग म्हटलं, पार्किंग तरी होऊ द्या,” असं म्हणून त्यांनी आपल्या नव्या गाडीकडे बोट दाखवलं. “हार आणलाच हाये, तर हिला घाला.” फायनलला पंचाच्या अंगावर धावून गेलेल्या आमच्या कॅप्टनने मुकाट्याने गाडीला हार घातला, नारळ फोडला. सेक्रेटरींनी सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि ते गोडही निघालं. आता पहाटे मोबाइलवर मी परदेशातले सामने बघतो. त्यांचा सीझन संपतो, पुन्हा सुरू होतो. खंडेनवमीला मात्र घरचे हार घेऊन अंगणात यायच्या आत मी माझी गाडी काढून निघून जातो.