चौदाव्या मीटरवर

कारखान्याच्या गेटवर वॉचमन माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मागे कुणी नव्हतं.

"साहेब कुठंय?" त्यानं विचारलं.

मशीनची पेटी मी खाली ठेवली, पास त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "मीच आहे."

मला हे नवीन नव्हतं. बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याला जाऊन मी डिप्लोमा केला. आमच्या बौद्धवाड्यातून इंजिनियरिंगला गेलेली मी पहिलीच मुलगी. नंतर तपासणीच्या परीक्षा दिल्या आणि एका लहान कंपनीत लागले. कारखान्यांचे पाइप न फोडता, न कापता तपासायचे, ही माझी नोकरी. त्यामुळे 'साहेब' शोधणाऱ्या नजरा मी बऱ्याच पाहिल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांचा राग यायचा. पुढे मी फक्त पास दाखवायला शिकले.

घनसावंगीच्या बाजूला असलेला हा साखर कारखाना पावसाळाभर बंद होता. दोन दिवसांनी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मोठे पाहुणे येणार होते. त्याआधी वाफेच्या मुख्य पाइपची तपासणी उरकायची होती. विम्यासाठी त्या तपासणीचा कागद लागत होता. चीफ इंजिनियर पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांच्या कपाळावर कायम आठी असायची. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मॅडम, दुपारपर्यंत आटपा. फॉर्म्यालिटीच आहे."

मदतीला त्यांनी लॅगिंगचं काम करणारे एक मामा दिले. वाफेच्या पाइपवर उष्णता धरून ठेवायला लोकरीसारखा थर असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. तो चढवायचं आणि काढायचं काम मामा वीस वर्षं करत होते. घर मेंढपाळांचं, वडील मेंढरं घेऊन हिंडायचे, हे त्यांनी शिडी लावता लावताच सांगून टाकलं. एका जागी पत्रा उघडून त्यांनी पाइप मोकळा केला. मी त्याभोवती सेन्सरचा पट्टा आवळला.

"एवढाच तुकडा उघडून सगळा पाइप कसा दिसतो, ताई?" मामांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं, तसंच इथं सांगते. पट्टा पाइपच्या भिंतीला एक झटका देतो. त्याची लहर धातूमधूनच दोन्ही बाजूंना लांबवर धावत जाते. वाटेत वेल्डिंगचा सांधा आला, गंजून भिंत पातळ झाली, की लहरीचा थोडा भाग परत फिरतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. पत्रा आणि लोकर जागच्या जागी राहतात.

"म्हंजे आवाज दिला की आवाज येतो," मामा म्हणाले. "डोंगरात आमी असंच करायचो. मेंढरू कुठं अडकलं ते कळायचं."

स्क्रीनवरच्या रेषेत सांधे उंचवट्यांसारखे ओळीनं दिसले. पाइप सहा-सहा मीटरचे, म्हणून सांधेही सहा-सहा मीटरवर. पण पट्ट्यापासून पूर्वेकडे चौदा मीटरवर आणखी एक उंचवटा होता. तिथं सांधा असायचं काही कारण नव्हतं. मी तीनदा तपासलं. तीनही वेळा तो आला.

इंजिनियर साहेबांनी स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं. "सांधाच असेल. कधीतरी तुकडा जोडला असेल. सांधा म्हणून लिहा."

"ड्रॉइंगमध्ये तिथं सांधा नाहीये. पत्रा उघडून बघावा लागेल."

"परवा कार्यक्रम आहे, मॅडम."

"म्हणूनच आज बघू."

त्यांनी बाजूला जाऊन फोन लावला. दोन मिनिटांनी माझाच फोन वाजला. माझे बॉस होते. आवाज गोड होता. "अगं, कशाला ताणतेस? क्लायंट जुना आहे. 'पुढच्या वर्षी लक्ष ठेवावे' असं लिहून मोकळी हो."

"सर, मग सही तुम्ही करा."

बॉसनी फोन ठेवून दिला. तपासणी मी केलेली, परवाना माझा. सही त्यांना करता येत नव्हती. ते मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्यांनाही.

शेवटी इंजिनियर साहेब चिडून म्हणाले, "उघडा. पण काही निघालं नाही तर मी तुमच्या कंपनीला लेखी कळवणार."

मामांनी पूर्वेकडे चौदा मीटर मोजले, पत्रा कापला, लोकर बाजूला केली. पाइप कोरडा आणि गुळगुळीत होता. जाडी मोजायचं यंत्र मी चारी बाजूंनी फिरवलं. भिंत जशी हवी तशी जाड. गंजाचा ठिपकाही नव्हता.

खाली चार-पाच कामगार जमले होते. कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "झालं समाधान?"

त्या क्षणी सामान आवरून निघून जाणं फार सोपं होतं. शिडीवरून उतरताना एक पायरी मला खरंच दिसली नाही. खाली येऊन मी पाणी प्यायले आणि पेटीवर बसून सकाळपासून काय केलं ते क्रमानं आठवायला लागले. उंचवटा तीनदा आला होता. तो आकाशातून पडला नव्हता.

मग लक्षात आलं. लहर दोन्ही बाजूंना जाते. परत आलेला आवाज कुठल्या बाजूचा हे मशीन पट्ट्यातल्या सेन्सरच्या दोन ओळींवरून ठरवतं. त्यातली एक ओळ नीट टेकली नसेल तर एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला दिसू शकतो, तितक्याच अंतरावर. आणि पट्टा मी एका सांध्याला लागूनच बसवला होता, कारण परांची तेवढ्याच जागी बांधलेली होती. त्यामुळे दोन्हीकडचे सांधे सारख्याच अंतरावर येत होते आणि गफलत झाकली गेली होती. असा पट्टा बसवायचा नसतो, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी घाई केली होती. कुणीतरी दुपारपर्यंत आटपा म्हटलं आणि मी ते ऐकलं होतं.

मी परत वर चढले. पट्टा सोडला. खाली रंगाचा एक पापुद्रा फुगला होता, नेमका एका ओळीखाली. मामांनी तो खरवडून काढला. पट्टा मी हातभर सरकवून पुन्हा आवळला. आता पूर्वेचा उंचवटा खाली बसला आणि पश्चिमेचा उठला.

पश्चिमेला पाइपखाली अग्निप्रदीपनाचा मंडप उभा राहत होता. कापड लावून झालं होतं, खुर्च्या उतरत होत्या.

"साहेब, चूक माझी झाली," मी म्हणाले. "बाजू उलटी धरली. ती जागा तिकडं आहे, मंडपावर."

आता त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का काय बोलताय? एकदा चुकलात. आता पाहुण्यांच्या डोक्यावरचा पत्रा फाडायचा? एक माणूस पाठवा म्हटलं होतं मी तुमच्या कंपनीला!"

"माणूसच पाठवलाय," मी म्हणाले. "चुकलं ते कबूल केलंय. जे दिसतंय ते सोडणार नाही. पत्रा उघडू नका, तुमची मर्जी. मी रिपोर्टात लिहीन की सांगितलं आणि उघडू दिलं नाही. वेळ टाकून लिहीन."

मी घड्याळ पाहून वेळ वहीत टिपली.

साहेब काही बोलायच्या आतच मामांनी कात्री उचलली. "साहेब, मी करून राह्यलो. दहा मिनिटाचं काम हाय. काई न्हाई निघालं तर मी पुन्हा लावून देतो, बिलकुल नव्यासारखं."

मंडपवाल्यांनी कुरकुरत एक कापड सोडलं. मामा वर गेले, मागोमाग मी. पत्र्याला तिथं खोलगट चेप होता, कुणीतरी वर्षानुवर्षं पाय ठेवून पलीकडे जात असणार. जोड उसवलेला होता. मामांनी पत्रा काढला तर लोकरीतून पाणी ठिबकलं. पावसाळाभर ती भिजलेल्या गोधडीसारखी पाइपला चिकटून होती. त्यांनी खरवडणी लावली आणि गंजाचे पापुद्रे तळहाताएवढे सुटून खालच्या खुर्च्यांवर पडले.

"ताई, जोरात लावू नको म्हंता का?" मामा हळूच म्हणाले. "भोक पडंल असं वाटून राह्यलं."

मी मोजलं. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग गेला होता. साहेब स्वतः शिडी चढून आले, यंत्र माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुन्हा मोजलं. आणखी दोन ठिकाणी मोजलं. मग रुमाल काढून कपाळ पुसलं आणि खाली ओरडले, "वेल्डरला बोलवा. आणि मंडप तिकडं हलवा, गोडाऊनकडं."

मी यंत्र त्यांच्या हातातून परत घेतलं आणि आकडे लिहून काढले.

तुकडा बदलला, अग्निप्रदीपन एक दिवस पुढे गेलं. कारण म्हणून मुहूर्त सांगितला गेला.

रिपोर्ट लिहिताना बॉस म्हणाले, "ती पहिली चुकीची जागा गाळ. कशाला आपलंच हसं?" मी ती गाळली नाही. पट्टा कसा चुकीचा बसवला, कुठला पत्रा उगाच कापला, सगळं लिहिलं. चूक लपवली असती तर खरं सापडलेलंही मला ताठ मानेनं सांगता आलं नसतं. घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खाली मान घालून वागायचं असतं तर शाळेत कशाला घातलं असतं तुला?" आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या वर्षी त्या कारखान्याचं पत्र आलं: दुसरा तपासनीस पाठवावा. बॉसनी ते माझ्यासमोर ठेवलं. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाटत नाही," मी म्हणाले. "फक्त जो जाईल त्याला माझा रिपोर्ट द्या. पश्चिमेकडे पाइप ज्या आधारांवर टेकतो, त्यातला तिसरा मी उघडला नव्हता, तसं त्यात लिहिलंय. तिथला पत्राही दबलेला आहे. कारखान्यानं तो उघडून दाखवायलाच पाहिजे."

ज्याला पाठवलं तो माझ्याहून लहान होता. त्यानं तिथूनच मला फोन केला. "मॅडम, ते उघडू देत नाहीयेत. काय करू?"

मी त्याला विचारलं, "सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग शिडीवरून उतरू नकोस."