वीस मिनिटांचा हेलकावा

बायको गेल्यावर शांताराम चुरी रडला नाही, हे पापडी गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. आशालता गेली मार्गशीर्षात. तेव्हापासून हा माणूस सकाळी दाढी करायचा, डबा भरायचा, स्कूटरवरून सातिवलीच्या गाळ्यात जायचा आणि लेथ चालू करायचा. कुणी म्हणालं दगड झालाय, कुणी म्हणालं धीराचा आहे. अहो, कसला धीर! त्याला काही वाटतच नव्हतं. जेवताना चव लागत नव्हती, एवढंच त्याला कळायचं, आणि त्याचंही त्याला विशेष वाटत नव्हतं.

माणूस मात्र कारागीर. तीस वर्षं आटे पाडले, पण एक जॉब परत आला असेल तर शपथ. म्हणूनच शेजारच्या वाडीतली संपदा गेल्या वर्षी त्याच्याकडे आली होती. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची, पीएचडी करत होती. कॉलेजच्या गच्चीवरची दुर्बीण ताऱ्यामागोमाग हळूहळू फिरायला हवी, नाहीतर तारा निसटतो. त्यासाठी बहात्तर दात्यांचं चाक आणि त्याला एका फेऱ्यात एक दाता ढकलणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला जाड तुकडा, दोन्ही शांतारामने करून दिले होते.

फेब्रुवारीत एका दुपारी संपदा गाळ्यात धावतच आली. हातात कागदाची भेंडोळी.

"काका, सापडला! माझा तारा हलतोय!"

शांतारामने लेथ बंद केली. तिने कागद बाकावर पसरला. लहानखुरे, थंड, तांबूस तारे असतात म्हणाली. ते आतून थरथरत असावेत असं गणित मांडलेलं आहे, पण ती थरथर कुणाच्या हाती लागत नाही. आणि तिच्या ताऱ्याचा उजेड चार महिने दर वीस मिनिटांनी कमी-जास्त होत होता. सहा वर्षं घासत होती बिचारी, त्यात लग्नही मोडलं. हे खरं ठरलं की प्रबंध झाला.

"वीस म्हणजे नक्की किती?" शांतारामने विचारलं.

"एकोणीस मिनिटं सत्तावन्न सेकंद."

त्याने तो आकडा खडूने बाकावर लिहिला. मग म्हणाला, "बाय, आकाशाची एक फेरी तेवीस तास छप्पन्न मिनिटांची, हे तूच सांगितलेलंस ना? तिला बहात्तरने भाग."

तिने भागलं नाही. तिला आधीच कळलं होतं. नुसती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वर्मचा एक फेरा."

"काढून आण. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी तिने वर्म आणला. शांतारामने तो डायलखाली, केसाएवढा वाकडेपणा दाखवणाऱ्या सुईखाली फिरवला. सुई तीन घरं इकडे, तीन घरं तिकडे. वर्म वाकडा. म्हणजे दर फेऱ्याला दुर्बीण किंचित डुलत होती, तारा मोजमापाच्या भोकातून जरासा सरकत होता, आणि ही पोर त्यालाच ताऱ्याची थरथर समजत होती.

आपल्या हातून असं काम? ज्या दांड्यावर जॉब बसवून फिरवतात, तो मँड्रेल त्याने फळीवरून काढला. या मापाचा तेवढाच, वर्म केल्यापासून वापरलेला नव्हता. जॉब जिथे टेकतो त्या कॉलरवर एका बाजूला लाल पापुद्रा चिकटलेला होता, दाबाने चपटा झालेला, बोटाच्या टोकाएवढा.

खंडेनवमीला आशालता गाळ्यात यायची आणि प्रत्येक मशीनला, प्रत्येक दांड्याला हळदकुंकू लावायची. पूजेचं कुंकू हाताने पुसायचं नाही, कामात आपसूक जातं, हा गाळ्याचा रिवाज. दसरा झाल्यावर पहिला जॉब त्याने असाच, न पुसता चढवला होता. तो संपदाचा वर्म होता.

शांताराम त्या बोटाच्या ठशाकडे बघत राहिला. काही वाटेल म्हणून थांबला. काही वाटलं नाही. मग रॉकेलचा बोळा घेतला, रिवाज मोडला आणि कॉलर लख्ख केली.

संपदाला तो एवढंच म्हणाला, "मँड्रेलवर काहीतरी राहिलेलं. माझी चूक. नवीन करून देतो."

नवा वर्म बसला. मार्च संपेपर्यंत तिने तोच तारा पुन्हा मोजला. उजेडाची रेघ सरळसोट. गाईड म्हणाले, हलत नाही हेही लिहिण्यासारखं आहे, पण आधी चूक कशी झाली ते स्पष्ट लिही. तसा परिच्छेद लिहून ती गाळ्यात आली. डोळे सुजलेले होते. "काका, तुमचं नाव घातलेलं नाही. पण बरोबर आहे का ते ऐका." आणि वाचू लागली, "वर्म कापताना मँड्रेलच्या कॉलरवर घाणीचा पातळ थर राहिल्यामुळे..."

"घाण नाही!"

शांताराम इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या गाळ्यातलं ग्राइंडर थांबलं. संपदा दचकून उठली. त्याचे ओठ थरथरत होते, नाकातून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"घाण लिहू नकोस गं पोरी," तो म्हणाला. "कुंकू होतं ते. आमच्या हिने लावलेलं. मी पुसून टाकलं."