रिकाम्या कॅमेऱ्याचा सापळा

आत्याचा विश्वास नावाच्या गोष्टीवरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं माप ओतलं की ती भांडं हलवून बघायची. जावयानं तब्येत विचारली की आता हा काय मागतोय म्हणून कान टवकारायची. पण त्यात तिचा तरी काय दोष? उभा जन्म गेला फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये, लोकांचे रोल धुण्यात. तिथं दाराच्या फटीतून केसाएवढा उजेड शिरला तरी कुणाच्या तरी लग्नाचं वाटोळं. असल्या जागी भोळी माणसं टिकत नाहीत.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा अडगळीतले प्लॅस्टिकचे कॅमेरे आणि फोटो मोठा करायचं यंत्र आत्यानं घरी आणलं. बटण दाबा, चाक फिरवा, संपलं, इतके साधे कॅमेरे. भाचसून बालवर्गाची शिक्षिका. तिनं पोरांना शिकवायला ते मागितले. आज कॅमेरे मागतेय, उद्या घर मागेल, असा हिशेब आत्यानं मनात मांडला आणि सांगून टाकलं, कॅमेरे एकटे कुठं जायचे नाहीत, सोबत मी येणार. राखण करायला म्हणून गेली आणि मास्तरीण होऊन बसली.

पोरं बटण दाबायची आणि लगेच कॅमेऱ्याची पाठ बघायची. तिथं नुसतं काळं झाकण. फोटो कुठाय? आत्या सांगायची, आत झोपलाय, उजेड लागला की मरतो, झाकणाला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. रोल संपला की ती तो पिशवीत टाकून घरी न्यायची. मोठ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं की पालकसभेला भिंतीवर फोटो लागले तर हा कॅमेऱ्याचा वर्ग चालेल, नाहीतर नाही. वर्ग बंद म्हणजे आत्याला पुन्हा खिडकीत बसून शेजारणीच्या दोरीवरचे कपडे निरखणं आलं. हे ती कुणाला बोलली नाही, पण पोरांच्या आधी शाळेच्या फाटकात उभी असायची.

थोडे रोल साठल्यावर पहिलाच धुतला आणि आत्याच्या कपाळावर आठी पडली. सुरुवातीचे थोडे फोटो सोडले तर फिल्म धुरकट काळी. कुणीतरी झाकण उघडलं होतं. त्यातही गंमत अशी, की भर उजेडात उघडलं असतं तर सगळंच गेलं असतं. हे अर्धवट गेलं होतं. म्हणजे ज्यानं उघडलं त्यानं आडोसा करून, अंधार धरून उघडलं. पोरासोरांचं काम नव्हे, कुणीतरी जाणता आहे, असं आत्यानं ठरवलं. शिपाई चहा घेऊन आला तर ती चहाऐवजी त्याची बोटं बघत राहिली. भाचसुनेलाही आडून विचारून झालं. ती म्हणाली, “आत्या, आता फक्त माझी झडती घ्यायची राहिलीय तुमची.”

आत्यानं सापळा लावला. एक कॅमेरा रोल न घालता मुद्दाम खुंटीला अडकवला आणि दुपारी पोरं झोपायच्या वेळी स्वतः दाराआड उभी राहिली. शिपाई आला, पाण्याचं भांडं भरून गेला. खुंटीकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. आत्याला त्याचाही राग आला, ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग मागं वळून बघते तर खुंटी मोकळी आणि भिंतीकडच्या एका पांघरुणाचा तंबू झालेला. तंबूतून दोन पाय बाहेर.

आत्यानं पांघरूण ओढलं. आत मिरी. वर्गातली सगळ्यात बारकी पोरगी. डोळे मात्र असे, की मिरी हे नाव तिला का ठेवलं ते सांगायला नको. मांडीवर उघडा कॅमेरा.

“सापडलीस,” आत्या म्हणाली.

“तूच सापडलीस,” मिरी म्हणाली. “यात काहीच नाही. मला वाटलंच होतं.”

ती घाबरली नव्हती. तिचं सरळ म्हणणं होतं, की आपण बटणं दाबतो, ही बाई रोलच्या डब्या घरी घेऊन जाते आणि फोटो काही परत येत नाहीत. म्हणून तिनं आधीही एकदा उघडून बघितलं होतं. फोटो मरू नये म्हणून पांघरुणात. आणि आता तर पुरावाच हातात होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांना कळलं, की आत्या पोरांना रिकामे कॅमेरे देते. मोठ्या बाईंनी आत्याला बोलावून घेतलं आणि सभेपर्यंत काय ते दाखवा, नाहीतर इथंच थांबू या, असं गोड शब्दांत सुनावलं.

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या बाईवर पहिल्यांदाच कुणी संशय घेतला होता, आणि पुरावाही तिनंच स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवलेला.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मिरीला घरी बोलावलं. मिरीची आई सोबत आली, तिचाही भरवसा नव्हताच. न्हाणीघराची डार्करूम केलेली. तिघींना जागा नाही म्हणून आई बाहेर स्टुलावर बसली. आत लाल दिवा, तेवढा उजेड कागदाला चालतो. मिरीनं आधी आत्याचे दोन्ही हात बघितले. कागद उलटापालटा करून बघितला. कोरा. आत्यानं यंत्रात फिल्म घालून तिच्यातून त्यावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला.

कागदावर हळूहळू एक हनुवटी उमटली. मग नाकपुड्या, मग खालून वर बघितल्यावर दिसते तशी एक बाई, डोळे बारीक करून कुणावर तरी नजर ठेवणारी. अर्ध्या फोटोवर पांढरा लोट.

“ही तू,” मिरी म्हणाली. “अशीच बघतेस तू.”

“आणि हे पांढरं म्हणजे तू पांघरुणात आत सोडलेला उजेड. फिल्मवर काळं ते कागदावर पांढरं.”

मिरीनं वाकून तो पांढरा लोट नीट बघितला. मग दुसरा कागद आपणच टाकणार म्हणाली. आत्यानं कधी नवऱ्यालाही कागदाला हात लावू दिला नव्हता. कुरकुरत का होईना, तिनं तो दिला.

एवढ्यात बाहेरून आईनं हाक मारली, एवढा वेळ काय चाललंय म्हणून, आणि कडी वाजली.

“आई, उघडू नको,” मिरी आतून म्हणाली. “आमचं अजून व्हायचंय.”