श्वासाच्या यंत्राची खंडेनवमी

माझं श्वासाचं यंत्र जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं आहे. त्याला एक करडी नळी, आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा रबरी मुखवटा. डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी अक्षरांचं नाव सांगितलं होतं. आमच्या घरात त्याला सोंड म्हणतात. झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास अडतो. ही सोंड रात्रभर हवा ढकलून तो उघडा ठेवते. एवढ्या एका कामासाठी नळी, मुखवटा, वायर, विजेचा लांब बोर्ड आणि यंत्राच्या पोटात घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली असा सगळा गोतावळा घेऊन मला गावाला जावं लागतं. लग्नाच्या वऱ्हाडाचं सामान याहून थोडं असतं.

नवरात्रातल्या अष्टमीला मी थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. राधानगरीच्या एसटीत कंडक्टरने मांडीवरच्या काळ्या बॅगेकडे बोट दाखवलं.

“पावणं, काय हाय त्यात?”

“हवेचं यंत्र.”

“पंक्चरचं व्हय?”

“तसंच समजा.”

“मग ठेवा की वर. मांडीवर घेऊन बसायला ते काय बाळ हाय?”

मी बॅग मांडीवरच ठेवली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ऊस, मधूनमधून पिवळं पडायला लागलेलं भात. ती हिरवी भिंत खिडकीतून इतका वेळ सरकत राहिली की गाडी उभी आहे आणि ऊसच कुठेतरी निघाला आहे असं वाटायला लागलं. मला बसमध्ये झोपायची भीती वाटते, म्हणून मी बॅगेची चेन मोजत बसलो. तिला किती दात आहेत ते मला पाठ आहे.

आक्काच्या घरात तिघं असतात: आक्का, दाजी आणि सून. मुलगा नोकरीला बाहेरगावी. दाजी गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन, आणि ते इतकी वर्षं चेअरमन आहेत की ते पद त्यांच्या नावाला चिकटून आडनाव झालं आहे. सत्काराच्या शाली ठेवायला घरात एक वेगळी ट्रंक आहे. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि निम्मी हयात सत्कारसमारंभांत तिसऱ्या रांगेत काढली. त्यामुळे व्यासपीठावर डोळे मिटून बसलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. दाजींच्या डोळे मिटण्याला गावात चिंतन म्हणतात. मागे एकदा त्यांचं चिंतन ध्वनिक्षेपकातून सगळ्या गावाने ऐकलं होतं.

त्या रात्री मी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सोंड लावून झोपलो. नळीतून येणारी हवा शंख कानाला लावल्यासारखी वाजते. एरवी त्या आवाजात समुद्र असतो. तिथे भाताच्या ओल्या वासामुळे की काय, एक संथ, जड, गोड्या पाण्याचा तलाव होता आणि मी त्यावर पडून होतो. सकाळी उठलो तेव्हा आक्का उशाशी बसली होती.

“हत्तीगत दिसत होतास,” ती म्हणाली. “पर आवाज न्हाई. एकदा बी न्हाई. ही भानगड काय हाय?”

मी सांगितलं. घसा मिटणं, श्वास अडणं, दवाखान्यात एक रात्र अंगाला वायरी लावून केलेली तपासणी. ती ऐकत राहिली. मग आतल्या खोलीकडे, जिथे दाजींची खोकल्याची तयारी चालली होती, तिकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “ह्यांचं तेच हाय की. मी मोजत बसतो बघ. घोरत्यात, घोरत्यात, आन् मधीच गप. दहा. पंधरा. ईस झालं की टाचंनं ढोसतो. इतकी वर्सं मी पुरी झोप काढलेली न्हाई रे.”

“दाजींना सांगितलंस?”

“सांगून काय व्हतंय? मागल्या म्हयन्यात दुधाचं कॅन घेऊन गाडीवरनं पाटाच्या पाण्यात गेले. कुत्रं आडवं आलं म्हणत्यात. कुत्रं कुठलं, डुलकी आलती. एक दिस मला बी डुलका लागंल आन् माझं मोजायचं ऱ्हाईल.” तिने पदराने कपाळ पुसलं. “तू सांग. तू शिकलेला हाईस.”

मी चहा घेताना सांगितलं. दाजी बशी तोंडाला लावून शांतपणे ऐकत होते. नंतर म्हणाले, “पावणं, घोरणं हे सुखी मानसाचं लक्षण. रेडं घोरतंय म्हणून कोण त्याला दवाखान्यात नेतंय का? नळी तुमास्नी लागती, कारण तुमी शहरात ऱ्हाताय. तितं हवाच कुठं हाय?” सून चुलीकडे तोंड करून हसली. आक्का हसली नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. या भागात त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं आणि यंत्रं धुऊनपुसून पूजेला मांडतात, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्यांची ती सुट्टी. मी आंघोळ करून आलो तेव्हा सोप्यात पूजा मांडून झाली होती. कोयता, खुरपी, औषध मारायचा पंप, दूध काढायचं मशीन, उंबऱ्याबाहेर हार घातलेली मोटारसायकल. आणि पंप व मशीन यांच्यामध्ये, पाटावर, माझी सोंड. तिच्या डोक्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. मुखवट्याच्या नाकावर झेंडूचं फूल.

“आक्का, हे काय?”

“घरात आलेलं यंत्र हाय. सगळी पूजंला बसल्यात, त्याला एकट्यालाच कोपऱ्यात ठेवायचं?” तिच्या आवाजात माया होती, आणि मला आता वाटतं, थोडा नवसही होता.

“पण मला ते झोपायला लागतं.”

“आज कायबी चालायचं न्हाई,” दाजींनी निकाल दिला. “मी गाडीला हात लावलेला न्हाई. दूध डोक्यावरनं न्हेलंय चालत. चेअरमननं.”

“दाजी, पंखा चालू आहे.”

“पंख्याची पूजा केलेली न्हाई.”

या युक्तिवादावर अपील नव्हतं. एक दुपार न झोपता काढू आणि रात्रीचं रात्री बघू, असं मी ठरवलं. पण दुपारी पुरणाची पोळी होती, वर तुपाची धार, कटाची आमटी, आणि सुनेचं “मामा, अजून एक.” पुरणानंतर झोप माणसाला विचारत नाही. मी सोप्यातल्या सतरंजीवर फक्त पाठ टेकली. समोर कॉटवर दाजी बसले होते. पूजेतल्या देवीच्या फोटोपुढे समई तेवत होती आणि छपराच्या काचेतून आलेला उजेडाचा चौकोन जमिनीवरून माझ्या पायाकडे सरकत होता.

मी धरणाच्या तळाशी होतो. पाणी हिरवं, उबदार. त्यात बुडालेली भातखाचरं तशीच पिकलेली. बांधावर एक व्यासपीठ, त्यावर ओळीने बसलेले लोक, आणि त्यांच्या खांद्यांवरून शाली माशांच्या परांसारख्या सावकाश हलत होत्या. कुणीतरी भाषण करत होतं. शब्दांऐवजी तोंडातून बुडबुडे निघत, वर जात, आणि भाषणाच्या मानाने त्यांत बराच अर्थ आहे असं मला वाटत होतं. टाळ्या वाजत नव्हत्या, कारण हात एकमेकांपर्यंत पोहोचायलाच फार वेळ लागत होता. राधानगरीच्या धरणाचे दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. आम्ही सगळे त्याच दरवाज्यांकडे बघत होतो. पाणी भरलं. आणखी भरलं. दरवाजे उघडत नव्हते. मला घाई नव्हती. हीच त्यातली वाईट गोष्ट. मला कशाचीच घाई नव्हती.

मग कुणीतरी दारावर धक्के मारायला लागलं.

“पावणं! ओ पावणं! उठा की!”

दरवाजे उघडले. हवा इतक्या जोरात आत आली की मी उठून बसलो. दाजींचे दोन्ही तळहात माझ्या छातीवर होते. त्यांच्या मिशीवर घाम होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीही न बघितलेली गोष्ट होती. ते घाबरले होते. त्यांच्या मागे आक्का उभी होती, हाताची घडी घालून, परीक्षा घेणाऱ्या बाईसारखी.

काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. मी घोरायला लागल्यावर दाजी पोट धरून हसले होते. शिकलेला माणूसही रेड्यासारखा घोरतो, याचा त्यांना मोठा आनंद झाला. आक्का म्हणाली, हसू नका, मोजा. कशाला? मोजा म्हणते ना. मी गप्प झालो तेव्हा दाजींनी खेळ म्हणून मोजायला सुरुवात केली. दहाला ते हसत होते. पंधराला कॉटवरून उतरले. वीसनंतर मोठ्याने मोजत होते, आणि पंचवीसला त्यांना आकडा सुचेना.

माणसाला स्वतःची झोप बघायला मिळत नाही. दाजींना ती माझ्या तोंडावर दिसली.

त्यांनी मिशीवरचा घाम पुसला. मग आक्काकडे न बघता विचारलं, “मी बी असाच?”

“तुमी ढोसलं तरी तिसापत्तर जाताय.”

“आन् तू?”

“मी जागीच असतो.”

दाजी उठले. पूजेसमोर उभे राहिले, हात जोडले, ओठ हलले. मग झेंडूचं फूल उचलून देवीपुढे ठेवलं आणि दोन्ही हातांनी, पाट हलू न देता, माझं यंत्र उचललं. सून दारात येऊन थांबली होती; तिने तोंडावर हात ठेवला. त्या घरात खंडेनवमीला उचललेलं ते पहिलंच यंत्र असावं.

“दाजी, पूजा?” मी म्हणालो.

“देवीला मी सांगतो काय ते.” त्यांचा आवाज अजून जाग्यावर आला नव्हता, तरी त्यांनी तो चेअरमनचा करून पाहिला. “ठराव करून घेतो. तुमी लावा ते, लावा. आन् बोर्ड कुठं हाय त्यो लांबडा?”

मी पुन्हा झोपलो. सोंडेतून येणाऱ्या हवेला हळदीचा आणि झेंडूचा वास होता. पाण्याऐवजी या वेळी एक मोठं पिवळं शेत दिसलं आणि त्यातून वारा चालत होता. रात्र मात्र दाजींनी मला झोपायला सांगून स्वतः कॉटवर बसून काढली. आतल्या खोलीत आक्का झोपली की जागी होती, ते मला माहीत नाही. सवय लागलेला माणूस शांततेतही मोजत असेल.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दाजी माझ्याबरोबर एसटीत बसले. तपासणीला एक रात्र दवाखान्यात राहायचं होतं. त्यांनी सोबत ट्रंकेतली सगळ्यात चांगली शाल घेतली होती. वायरी लावणाऱ्यांना आपण कुणाला लावतोय हे समजायला पाहिजे, म्हणाले. आक्का फाट्यापर्यंत आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तिने मला फक्त एक शब्द सांगितला.

“मोज.”

ऊस उलट्या दिशेला सरकायला लागला आणि दाजी माझ्या खांद्यावर झोपले. मांडीवर बॅग, खांद्यावर चेअरमन. कंडक्टर तोच होता. “पावणं, बाळं वाढली की,” म्हणाला. मी त्याला बोटाने गप्प राहायची खूण केली, कारण मी चौदावर होतो. अठराला ढोसलं. “जागाच हाय,” दाजी म्हणाले आणि पुन्हा बुडाले.

संध्याकाळी पोहोचल्याचं कळवायला मी फोन केला. सुनेने उचलला.

“मामा, आत्याबाई झोपल्यात. तुमची गाडी गेली तवापासनं. जेवायला बी उठल्या न्हाईत.”

आक्का झोपली आहे, मी दाजींना सांगितलं. ते विचारात पडले.

“दिवसाची झोपली?” ते म्हणाले. “बरं न्हाई का काय तिला?”